दे की द्या

लिफ्टवाला वर जाऊन परत आला, ही बातमी तो इस्पितळातून घरी येण्याआधीच इमारतभर झाली होती. बातमी पसरवणारा त्याचा कामातला जोडीदार, जाड्या. दोघं मिळून वर्षानुवर्षं शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करत आले होते. एक वर मोटरच्या खोलीत, एक खाली लिफ्टच्या तळच्या खड्ड्यात. त्या दिवशी खाली लिफ्टवाला होता. रुळांना ग्रीस लावता लावता त्याच्या छातीत कळ आली. हाका मारूनही उत्तर येईना, म्हणून जाड्या जिने उतरून आला आणि त्याला खांद्यावर टाकून रस्त्यावर घेऊन आला. इस्पितळाच्या दारात हृदय थांबलं. डॉक्टरांनी ते पुन्हा चालू केलं. मधली काही मिनिटं तो नव्हता, असं डॉक्टर स्वतःच म्हणाले.

"त्याचं कसं आहे वहिनी," जाड्या भेटायला आला तेव्हा कपातला चहा फुंकत म्हणाला, "लिफ्टवाल्याला वर गेलं तरी खाली यावंच लागतं. वर राहायची सोय कुठे असते? वर नुसती मोटर."

एरवी अशा विनोदावर तिने त्याला स्वयंपाकघरातूनच झापलं असतं. त्या दिवशी ती हसली. लिफ्टवाला अंथरुणावर उशीला टेकून बसला होता. बायको हसलेली ऐकून त्याने मान वळवून पाहिलं. ते हसू त्या घरातून गेलं त्याला बरीच वर्षं झाली होती.

जाड्या गेल्यावर ती त्याच्या पायथ्याशी येऊन बसली. आवाज हळू करून म्हणाली, "अहो, तुम्हाला आठवतं का, शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा काय बोललात?"

"नाही बुवा. पाणी मागितलं असेल."

"ताईला हाक मारलीत. मी दाराशीच उभी होते. मला आत येऊ देत नव्हते, पण दार अर्धवट उघडं होतं. तुम्ही डोळे मिटलेलेच होतात, आणि स्पष्ट म्हणालात, 'ताई, दिवा राहू दे.'"



ताई म्हणजे त्यांची मुलगी. एकुलती एक. तिच्या पाठीवर दुसरं होईल, तेव्हा धाकट्याच्या तोंडी तेच बसावं म्हणून दोघांनी तिला रांगती असल्यापासून ताई म्हणायला सुरुवात केली. धाकटं काही आलं नाही, नाव मात्र चिकटलं. पुढे शेजारपाजारची मुलंही तिला ताईच म्हणू लागली आणि तीही ताईसारखी सगळ्यांवर दादागिरी करू लागली. मग शाळेतली शेवटची दोन वर्षं उरली असताना रक्ताचा आजार निघाला. शेवटच्या दिवसांत तिला अंधाराची भीती वाटायची. टेबलावर हिरव्या टोपीचा छोटा दिवा होता, तो मालवायला कुणी गेलं की ती उशीतूनच म्हणायची, राहू दे.

तो दिवा अजून तिथेच होता. ती गेल्यापासून तिच्या आईचा नेम होता. तिन्हीसांजेला हातपाय धुऊन त्या खोलीत जायचं, दिवा लावायचा, हात जोडून बसायचं आणि मनातल्या मनात काय म्हणायचं ते म्हणायचं. ताप असो, पाहुणे असोत, नेम मोडला नाही. ती देवाकडे काय मागते, हे त्याने कधी विचारलं नाही. त्याला वाटे, मागण्यासारखं आता राहिलंय काय?

"भेटली ना तुम्हाला?" तिने विचारलं. "कशी दिसत होती?"

"फारसं आठवत नाही गं," तो म्हणाला.

हे खोटं होतं. त्याला सगळं आठवत होतं.

त्याला लिफ्टची शाफ्ट दिसली होती, लिफ्ट वरखाली होते ती उभी विहीर. तो खड्ड्यात पाठीवर पडला होता आणि वर, अगदी वर, एक पांढरा दिवा होता. मग त्याला कुणीतरी सावकाश उचलावं तसा तो वर जाऊ लागला. दुखणं संपलं होतं. इतकं हलकं त्याला जन्मात वाटलं नव्हतं, हे खरं. पण दोन्ही बाजूंचे रूळ त्याच्या ओळखीचे होते, ग्रीसचा वास ओळखीचा होता, आणि मध्यावर समोरून केबिनला तोलणारं ते मोठं लोखंडी वजन खाली सरकत गेलं. केबिन वर जाते तेव्हा ते खाली जातंच. दिव्याजवळ पोचतो न पोचतो, तोच एक पांढरी बाही दिव्याच्या आड आली. तेवढंच. बाही कुणाची, ते दिसलं नाही.

बायको म्हणते तसं असेलही, असं त्याने स्वतःला दोन-चार दिवस सांगून पाहिलं. ताईच्या शाळेच्या गणवेशाची बाही पांढरीच होती.

आणि घर तर बदललंच होतं. बायकोने पडदे धुतले. भाजीत मीठ बरोबर पडू लागलं. दुपारी त्याला औषध देताना ती गुणगुणायची. आरशासमोर थांबून केसांवरून हात फिरवताना त्याने तिला पाहिलं आणि नजर वळवली, जणू परक्या बाईला पाहतोय. अशा बाईला कोण कशाला सांगेल, की मला नुसते रूळ दिसले?

तिने ही गोष्ट गाजवली नाही. एकीलाच सांगितली, खालच्या मजल्यावरच्या बाईंना. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, अख्ख्या इमारतीच्या बाई. त्यांचे यजमान मागच्या हिवाळ्यात गेले होते. एका दुपारी त्या हळूहळू जिना चढून आल्या, खुर्चीत बसल्या, त्याच्या प्रकृतीची चौकशी केली, इमारतीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलल्या, आणि निघता निघता दाराशी थबकल्या.

"एक विचारू का? हसू नका हं मला."

"विचारा ना बाई."

"तिकडे थंडी असते का?"

त्याला प्रश्न कळला नाही.

"नाही, ह्यांना थंडी सोसायची नाही. आणि त्या दिवशी घाईगडबडीत मुलांनी ह्यांना नेलं ते पातळ सदऱ्यावरच. स्वेटर माझ्या हातात तसाच राहिला. म्हटलं, तुम्ही जाऊन आलात, तर तुम्हाला ठाऊक असेल."

बायको त्यांच्या मागे उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, सांगा ना, अशा नजरेने.

"नाही बाई," तो म्हणाला. "थंडी अजिबात नव्हती."

बाईंनी पदराने डोळे टिपले आणि कठडा धरून उतरू लागल्या. तो दार लावून परत येऊन बसला. आता तो दोघींचा साक्षीदार झाला होता, आणि साक्ष फिरवायची तर दोघींसमोर फिरवावी लागणार होती.

त्याच आठवड्यात ताईच्या टेबलावरचा दिवा लुकलुकायला लागला. बायको बाजारात गेली होती. डॉक्टरांनी जड काम करू नका म्हणून बजावलं होतं, पण दिव्याची तार घट्ट करणं काही काम नव्हे. त्याने दिवा उलटा केला. स्क्रू बारीक होता आणि त्याचा हत्यारांचा झोळा जाड्याकडे होता. टोकदार काहीतरी हवं म्हणून त्याने ताईची कंपासपेटी उघडली. कर्कटक होतं तिथेच होतं. त्याच्याखाली, खोडरबराच्या कप्प्यात, पांढऱ्या चपट्या गोळ्या होत्या. दहा-बारा तरी.

त्या गोळ्या त्याला ओळखू येत होत्या. बायकोच्या हृदयाची एक झडप खराब झाली तेव्हा डॉक्टरांनी धातूची बसवली होती. रक्त पातळ राहावं म्हणून रोज संध्याकाळी एक गोळी, जन्मभर. चुकवलीत तर झडपेवर गुठळी धरेल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. झडप, गुठळी, बंद पडणं या गोष्टी त्याला लगेच समजत. यंत्राचंही तसंच असतं.

ती आली तेव्हा तो ताईच्या खुर्चीत बसला होता. पेटी उघडी होती. तिने पिशवी खाली ठेवली.

"हे काय आहे?"

"गोळ्या," ती म्हणाली.

"त्या पोटात जायच्या असतात."

"माहीत आहे."

"मग?"

ती पलंगाच्या कडेवर टेकली. भांडणाचा सूर तिच्या आवाजात नव्हता, तेच त्याला भयंकर वाटलं. "मी काही खाऊन जीव देत नाहीये. तसलं पाप माझ्या हातून व्हायचं नाही. मी फक्त खात नाहीये. देवाला न्यायचं असेल तेव्हा नेईल, मी मध्ये आडवी पडणार नाही, एवढंच."

"वेड लागलंय का तुला?"

"इतकी वर्षं मला वाटत होतं, ती कुठे नाहीच. दिवा लावत होते, हात जोडत होते, पण आतून वाटायचं, पोकळीला नमस्कार करतेय. देवाला फसवत होते म्हणा ना. आता तसं नाही. ती तिथे आहे. तुमच्यासाठी दिवा धरून उभी होती. तुम्ही तिला पाहिलंत, बोललात, आणि परत आलात. मला परत यायचं नाही." मग जरा थांबून, अगदी संसारातलं बोलावं तसं म्हणाली, "तुमचं जेवणाचं काय होईल तेवढी काळजी आहे. पण तुम्हाला खिचडी येते."

तेव्हाच त्याने सांगायला हवं होतं. पण सांगणार काय? बाही पांढरी होती, एवढंच त्याला ठाऊक होतं. ती बाही ताईची असली तर? आपल्या हाताने त्या बाईचं एवढंसं सुख विझवायचं, आणि तेही चुकून? त्याने गोळ्या मुठीत घेतल्या आणि खिशात टाकल्या. "उद्या मला तपासायला बोलावलंय," एवढंच म्हणाला.

इस्पितळात डॉक्टरांनी त्याची छाती तपासली, चालायला हरकत नाही म्हणाले. त्याने भीत भीत त्यांना त्या वेळी दिसलेल्याबद्दल विचारलं. डॉक्टर घाईत होते, पण चांगले होते. मेंदूला प्राणवायू कमी पडला की असं दिसू शकतं, म्हणाले. कशाने काय दिसतं ते नक्की कुणालाच माहीत नाही. मग तो वरच्या मजल्यावर गेला, जिथे त्याला त्या दिवशी ठेवलं होतं. त्या दिवशी त्याच्यापाशी असलेली परिचारिका टेबलापाशी चिकटपट्टीचे तुकडे कापून ट्रेच्या कडेला ओळीने लावत होती.

"ताई, ओळखलंत का?" त्याने विचारलं, आणि विचारता विचारता थबकला. स्वतःच्या तोंडातला शब्द त्याला ऐकू आला होता.

"तुम्हाला कोण विसरेल?" ती हसली. "डोळे उघडायच्या आत मला दटावलंत."

"मी?"

"दटावलंत म्हणजे काय, तुमच्या तोंडावर वरचा मोठा दिवा होता. आता शुद्ध येतेय, उजेड डोळ्यांवर नको म्हणून मी मालवायला हात वर केला, तर तुम्ही म्हणता, ताई, दिवा राहू द्या."

"द्या म्हणालो?"

"हो."

"दे नाही? नीट आठवून सांगा. राहू दे, की राहू द्या?"

तिने कात्री खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यात काहीतरी दिसलं असावं. "द्या," ती म्हणाली. "शेवटचं अक्षर अगदी घशात गेलं होतं, दारातल्या माणसाला ऐकू नसतं गेलं. पण मी कानाशी होते. आणि लक्षात राहायचं कारण सांगते. इथे शुद्धीवर येणारे पुरुष सगळे मला अगं-तुगं करतात. कुणी आई म्हणतो, कुणी बायको समजून भांडतो. अहो-जाहो करत परत आलेले तुम्ही एकटेच. आम्ही नंतर हसलो पण, म्हटलं, काय शिस्तीचा माणूस आहे."

तो बाकावर टेकला. तिने पाणी दिलं. ते पिऊन त्याने विचारलं, "बाकीच्यांना काय दिसतं?"

"ज्याचं त्याला. एक माळी होता, त्याला बाग दिसली. एक ट्रक चालवणारा होता, त्याला मोकळा रस्ता दिसला, एकही गाडी नाही. मी आपली म्हणते, देव ज्याला जे ओळखीचं असेल ते दाखवत असेल, माणूस घाबरू नये म्हणून."

ती चांगल्या मनाने बोलली होती. पण घरी येताना तेच वाक्य त्याला गिळता येईना. ओळखीचं म्हणून रूळ दाखवले. ग्रीस दाखवलं. लोखंडी वजन दाखवलं. मग पोटच्या मुलीपेक्षा ओळखीचं त्याला दुसरं काय होतं? देवाला दाखवायचंच होतं, तर तिला का नाही दाखवलं?

इमारतीच्या लिफ्टमध्ये तो उभा राहिला. ही लिफ्ट त्याच्याच हातची. मध्यावर समोरून वजन खाली गेलं, भिंतीआड, त्याच त्या घसटत्या आवाजाने. त्याने डोळे मिटून घेतले.

तिन्हीसांज झाली होती. बायको ताईच्या खोलीत नेमाला बसली होती. तिचं आटपेपर्यंत तो उंबऱ्याशी थांबला. तिने जोडलेले हात सोडले, तेव्हा आत जाऊन समोर बसला. आणि सांगितलं. परिचारिकेला तिथे सगळे ताई म्हणतात, तिने दिवा मालवायला हात वर केला होता, बाही तिची होती.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मी गोळ्या घ्याव्यात म्हणून सांगताय हे."

"घ्याव्यास असं वाटतंच. पण म्हणून नाही सांगत."

"मी दारात होते. माझ्या कानांनी ऐकलंय."

"शेवटचं अक्षर ऐकू आलं नाही तुला."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्यांच्या घरात सगळे हिशेब सरळ होते. ती त्याला अहो म्हणे, तो तिला अगं म्हणे, आणि ताईला तर जन्मापासून दोघं अगंच म्हणत आले होते. रागावल्यावरही नाही, लाडातही नाही, तिला कधी कुणी अहो-जाहो केलं नव्हतं.

"दे म्हणालात, की द्या?" तिने विचारलं.

एक अक्षर. दे म्हटलं, तर ती हसेल, उद्या भाजी आणेल, परवा केसांवरून हात फिरवेल, आणि एखाद्या सकाळी उठणार नाही. त्याच्या खिशात गोळ्या होत्या. त्याने त्या बोटांनी चाचपल्या.

"द्या," तो म्हणाला.

दिव्याच्या हिरव्या टोपीवर धूळ बसली होती, ती तिने बोटाने पुसली.

"मग तुम्हाला दिसलं काय?"

"शाफ्ट. वर जात होतो."

"आणि ती?"

"नव्हती."

"नीट पाहिलंत?"

"पाहिलं. प्रत्येक मजल्याला दार होतं. सगळी बंद होती."

"एखादं उघडून बघायचं तरी." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "जन्मभर तेच तर करत आलात. लोकांच्या घरची अडकलेली दारं उघडता. एक आपल्यासाठी उघडायचं."

"किल्ली नव्हती गं माझ्याकडे," तो म्हणाला. दुसरं काही सुचलं नाही.

तिने मान हलवली, जणू हे कारण पटण्यासारखं होतं. पदराने तोंड पुसलं. मग हात पुढे केला. त्याला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने खिशातून एक गोळी काढून तिच्या तळव्यावर ठेवली. टेबलावरच्या तांब्यातलं पाणी घेऊन तिने ती गिळली. सहज गिळली, रोज घ्यायची तशीच.

"बाईंना काही सांगू नका," ती म्हणाली. "त्यांना थंडीचं तेवढं राहू द्या."

ती उठली आणि दिव्याच्या बटणाकडे तिने हात नेला. नेमानंतर रात्र होईपर्यंत तो दिवा चालू असायचा, एक दिवसही त्यात खंड पडला नव्हता.

"अगं, दिवा राहू दे," तो म्हणाला.

"कुणासाठी?"

तिने बटण दाबलं. ती स्वयंपाकघरात गेली, तांदूळ धुतल्याचा आवाज आला, मग भांड्यावर झाकण ठेवल्याचा. तो अंधारात ताईच्या खुर्चीवर बसून राहिला.

त्यानंतर तिची गोळी कधी चुकली नाही. संध्याकाळी त्याने आठवण करायच्या आत तिने घेतलेली असे. डॉक्टर तिच्या तब्येतीवर खूश होते. दोघांचीही हृदयं व्यवस्थित चालू आहेत, असं ते दर खेपेला सांगत आणि दोघंही मान डोलवत. जाड्या एकदा म्हणाला, "वहिनी, आता शंभरी गाठणार तुम्ही." तेव्हा ती त्याच्या कपात चहा ओतत होती. तिने मान वर केली नाही. "हो," ती म्हणाली, "तसंच दिसतंय."